चाटणावरचा पाहुणा

मला गोष्टी सांगता येत नाहीत. हे वाचनालयाच्या मंदाकिनीबाईंना सांगून सांगून माझा घसा बसला. माझी शाळा तिसरीत सुटली. मी नाही सोडली, तिनंच मला सोडलं. पण बाई ऐकतील तर शपथ. म्हणे, ‘आजोबा, लहान मुलांसाठी अंक काढतोय, काहीतरी बोधपर द्या.’ बोध! ज्याला होतो तो गप बसतो, आणि ज्याला होत नाही तो अंक काढतो.

तर पोरांनो, बसा. नाकं पुसा. मधेच ‘मग काय झालं’ विचारायचं नाही. मग जे झालं तेच सांगायला बसलोय.

एका जंगलात दोन रानं होती. एक मधलं, एक कडेचं. मधल्या रानात मोठं तळं होतं, गार सावली होती, आणि आपण फार शहाणे आहोत अशी समजूत होती. कडेच्या रानात काटे होते, दगड होते आणि खाऱ्या मातीची एक उंच दरड होती. त्या दरडीला सगळे चाटण म्हणायचे. कारण ती चाटायची असायची. यात काही खोल अर्थ नाही.

जनावराला मीठ लागतं. मीठ नसलं की पाय लटपटतात, कातडी उतरते. खोटं वाटत असेल तर आजच्या आमटीत मीठ घालू नको म्हणून आईला सांगा, आणि मग घरात काय होतं ते बघा.

चाटणाची एक रीत होती. पाहुणा आधी. पाहुण्यानं पोटभर चाटावं, ‘झालं माझं’ म्हणून उठावं, आणि मगच घरच्यांनी जीभ लावावी. रीत चांगली होती, कारण पाहुणेही चांगले होते. लांबून चालत यायचे, चार चाटे मारायचे, ख्यालीखुशाली विचारायचे आणि ऊन कलायच्या आत वाटेला लागायचे.

एकदा मधल्या रानातून अस्वलराव आले. गळ्यात करंजाच्या फुलांची माळ, चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. कडेच्या रानातला सगळ्यांत थोरला म्हणजे गवाआप्पा. त्यानं मान लववली. अस्वलराव चाटणावर बसले, एक चाटा मारला आणि त्यांनी डोळे मिटले.

“अप्रतिम,” ते म्हणाले. “पण कच्चं आहे.”

“माती आहे, साहेब,” गवाआप्पा म्हणाला. “कच्चीच असते.”

“तेच तर तुमचं मागासलेपण.”

संध्याकाळ झाली. अस्वलराव उठेनात. गवाआप्पानं अदबीनं विचारलं, “झालं का आपलं?”

“होतंय,” अस्वलराव म्हणाले. “मी अभ्यास करतोय.”

दुसऱ्या दिवशीही होतच होतं. तिसऱ्या दिवशीही. पुढचं मी मोजलं नाही. अस्वलराव चाटणावर बसून, आणि कडेची जनावरं पलीकडं ओळीनं उभी, जिभा आत ओढून.

त्या ओळीत सोनकी नावाची भेकर होती. भेकर म्हणजे लहानसं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं. तिचं पाडस नुकतं उभं राहायला लागलं होतं. टिपऱ्या त्याचं नाव. उभा राहायचा आणि टिपऱ्या वाजल्यासारखे त्याचे गुडघे एकमेकांवर आपटायचे. त्याला मीठ हवं होतं.

“आप्पा,” सोनकी म्हणाली, “एक चाटा घेऊ दे ना रे पोराला. एकच.”

“पाहुणा बसलाय, पोरी.”

“पाहुणा कसला? घरजावई झालाय तो!” हे साळूमावशी म्हणाली. साळूमावशी साळिंदर होती. तिचं बोलणंही अंगासारखंच.

“मावशे, काटे आवर,” गवाआप्पा म्हणाला. “लोक काय म्हणतील? पाहुण्याला उठवलं म्हणतील. आपल्या सात पिढ्यांत कुणी पाहुण्याला उठवलं नाही.”

“सात पिढ्यांत कुणी असा बसलाही नव्हता.”

पण रीत ती रीत. पोरांनो, गरिबाकडं दुसरं काही नसतं, म्हणून तो रीत फार जपतो. श्रीमंताकडं सगळं असतं, म्हणून त्याला ती रीत फार आवडते. गरिबाची.

मग अस्वलरावांनी उपाय काढला. त्यांचं मन मोठं होतं. बूडही.

“तुमच्या रीतीत चाटायची बंदी आहे,” ते म्हणाले. “उकरायची आहे का?”

गवाआप्पानं विचार केला. “उकरायचं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

“मग उकरा. आमचे हत्ती माती तळ्याकाठी नेतील. तिथं ती तुडवून, गोळे वळून, पानात बांधून तुमच्यासाठी परत येईल. गोळा म्हणजे काही चाटण नव्हे. गोळा पाहुण्याआधी खाल्ला तरी चालेल. मात्र एका गोळ्याला एक ढीग माती उकरून द्यायची.”

साळूमावशी पुढं सरकली. “माती कुणाची?”

“तुमची.”

“उकरणारी खुरं कुणाची?”

“तुमचीच की.”

“ज्या पळसाच्या पानात गोळा बांधून येणार, तो पळस कुठला?”

“तोही इथलाच. तळ्याकाठी पळस कुठं आहे?”

“मग त्यात तुमचं काय?”

“बांधणं,” अस्वलराव म्हणाले. “मावशी, गाठ मारायला अक्कल लागते.”

सगळ्यांना ते पटलं. गाठ मारायला अक्कल लागते हे खरंच आहे. गाठीतून सुटायलाही लागते, पण ते तेव्हा कुणाला सुचलं नाही.

कडेचं रान उकरायला लागलं. हत्ती सोंडा भरभरून माती न्यायचे. परत यायचे गोळे, सुपारीएवढे, पानात चापूनचोपून बांधलेले. उकरताना जेवढा घाम जायचा, तेवढं मीठ गोळ्यात नसायचं. म्हणजे गोळा खाऊन जनावर होतं त्याहून अळणी व्हायचं आणि दुसऱ्या गोळ्यासाठी जास्त उकरायचं. अस्वलराव याला प्रगती म्हणायचे. दरड दर महिन्याला खाली येत होती, तेव्हा काहीतरी पुढं जात असणारच.

टिपऱ्या मात्र उभा राहिना. सोनकी आपला गोळा त्याला द्यायची आणि स्वतः नुसतं पान चाटायची. तरी पोर लटपटतच होतं. एक दिवस ते खाली बसलं ते उठेचना.

सोनकीनं डोकं चालवलं. भेकराचं डोकं लहान असतं, पण चालतं.

“मावशे,” ती म्हणाली, “तिकडचा आपल्याकडं पाहुणा म्हणून येतो आणि आधी खातो. मग मी तिकडं पाहुणी म्हणून जाते. तेही मला आधी देतील.”

“जा बाई,” साळूमावशी म्हणाली. “जाऊन ये. कळेल.”

सोनकीनं टिपऱ्याला ढकलत, सावरत तळ्याकाठी नेलं. वेशीवर एक वानर बसला होता.

“कोण?”

“पाहुणी.”

“कुणी बोलावलं?”

“कुणी नाही. पाहुण्याला काय बोलावतात?”

“बोलावल्याशिवाय येतो त्याला आमच्याकडं पाहुणा म्हणत नाहीत. घुसखोर म्हणतात.”

“अस्वलरावांना आम्ही तरी कुठं बोलावलं होतं?”

“ते तज्ज्ञ आहेत,” वानर म्हणाला. “तज्ज्ञाला बोलवावं लागत नाही. तो येतोच.” मग त्यानं टिपऱ्याच्या पायांकडं पाहिलं. “पोराची खुरं मात्र बारीक आहेत. खारा चिखल तुडवायला बरी. याला ठेव. तू जा.”

आत जाण्याचा एवढा एकच रस्ता होता. सोनकीनं पोराचं कपाळ चाटलं. अळणी लागलं. मग ती पाठ फिरवून चालू लागली आणि आपल्या रानातल्या बाभळी दिसेपर्यंत भुंकली नाही.

टिपऱ्या चिखल तुडवायला लागला. आधी पडायचा. पडला की तोंडात चिखल जायचा. चिखल खारा होता. दिवसभर तुडवायचं आणि काम सुटलं की स्वतःचीच खुरं चाटायची. आपल्याच गावची माती, आपल्याच पायाची. हळूहळू त्याचे गुडघे वाजायचे थांबले.

इकडं कडेच्या रानात सोनकीचा मान वाढला. “हिचा मुलगा मध्यात असतो,” असं सगळे म्हणायचे. ज्यांची पोरं नुसतीच उभी राहत होती, त्यांनाही वाटायला लागलं की आपलं पोर जरा लटपटायला हवं होतं. मग तीही पोरं गेली. उकरायला म्हातारे उरले. गवाआप्पाच्या गुडघ्यांचा आवाज पार ओढ्यापर्यंत ऐकू यायचा.

अशी वर्षं गेली. दरड होती तिथं खड्डा झाला. खड्ड्याच्या तळाशी अस्वलराव बसलेले, आता पार थकलेले. एक दिवस तिकडून निरोप आला. अस्वलराव निवृत्त होणार.

कडेच्या रानात गलका उडाला. पाहुणा उठणार! सोनकीनं जीभ ओली करून ठेवली. तिचे स्वतःचेच पाय आता लटपटत होते. दगडाला टेकून ती खड्ड्याच्या काठावर उभी राहिली, ओळीत पहिली.

अस्वलराव उठले. कंबर धरून म्हणाले, “झालं माझं.”

सगळ्यांनी पाय उचलला.

“थांबा,” अस्वलराव म्हणाले. “नवे पाहुणे आलेत.”

वाटेनं एक भेकर येत होतं. धिप्पाड, तुकतुकीत, गळ्यात करंजाच्या फुलांची माळ. पाय कसे खांबासारखे. ते एकदा भुंकलं आणि सोनकीनं ओळखलं. आई असा आवाज विसरत नाही.

“टिपऱ्या!”

टिपऱ्या सावकाश खड्ड्यात उतरला. बसला. एक चाटा मारला आणि त्यानं डोळे मिटले.

“माती पूर्वीसारखी राहिली नाही,” तो म्हणाला. “तुम्ही लोकांनी नीट जपली नाही.”

साळूमावशीचे काटे उभे राहिले आणि तिचे तिनंच पाडले. वय झालं होतं.

ऊन कललं. सोनकीचे गुडघे एकमेकांवर वाजायला लागले. तो आवाज खाली खड्ड्यापर्यंत जात होता.

“बाळा,” ती हळूच म्हणाली, “झालं का रे तुझं?”

टिपऱ्यानं डोळे उघडले नाहीत. “होतंय, आई. जरा थांब ना.”

सोनकी मागं वळली. चेहरा नुसता फुलला होता.

“ऐकलंत?” ती सगळ्यांना म्हणाली. “अजून मला आई म्हणतो.”

“संस्कार चांगले आहेत हो,” गवाआप्पा म्हणाला. आणि सगळी ओळ पुन्हा नीट उभी राहिली.

तात्पर्य : पाहुण्याला देव मानावं, हे बरोबरच आहे. पण देव बसवताना विसर्जनाचा दिवस आधी ठरवतात, हे ज्यांना कळतं त्यांना पुढारलेले म्हणतात. ज्यांना कळत नाही, त्यांना यजमान म्हणतात. मुलांनो, मोठं होऊन काय व्हायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण मध्यात जाऊन मोठे झालात, तर आईला आई म्हणत जा. तेवढ्यावर ती पुष्कळ दिवस उभी राहते.

झाली गोष्ट. मंदाकिनीबाई, यातलं तात्पर्य काढून दुसरं गोड तात्पर्य घालायचं नाही, सांगून ठेवतो.

आणि एक. आमच्या परसातल्या पेरूच्या फांद्यांना मुळं फुटावीत म्हणून गुट्या बांधून एक जण दोन पावसाळे कलमं घेऊन गेला. चहा आमचा, बसायचा पाट आमचा, पेरू आमचा. नंतर तालुक्याच्या कार्यक्रमात त्यातलंच एक रोप त्यानं मला हारासकट भेट दिलं आणि माइकवरून सांगितलं, ‘या आजोबांसारख्या जुन्या माणसांना पेरू कसा लावायचा ते शिकवायला हवं.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चुकून मीही वाजवल्या. ते रोप जगलंय, पेरू गोड आहेत, आणि माफी अजून आलेली नाही. नाव लिहून ठेवतो, म्हणजे उगाच दुसऱ्या कुणावर संशय नको : वाघचौऱ्यांचा कडूबाळ.