हात न पोचणारी खुंटी

आण्णा चौगुले कुणाच्याही घरी गेले की दार वाजवतात. त्यात नवल ते काय, म्हणाल. पण दार उघडलं तरी ते वाजवतच राहतात. आधी फळीवर, मग चौकटीवर, मग कान लावून. परवा समोरच्या पाटीलकाकूंनी दार उघडून विचारलं, "या की आण्णा, काय काम काढलं?" तर म्हणाले, "तुमच्याकडं न्हाय वो, दाराकडं आलोय." पुन्हा एकदा टकटक केलं, मान हलवली, "मुकं हाय" म्हणाले आणि चालू लागले. काकू दार धरून तशाच उभ्या.

आण्णांच्या लेखी लाकडाच्या दोनच जाती. एक बोलतं, एक मुकं. देवळाचा दरवाजा बोलतो, पतसंस्थेचं टेबल मुकं. जयसिंगपूरला एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी हे पुढं जाऊन नवरा-नवरीच्या पायाखालचा पाट वाजवत बसले. नवरीचा मामा म्हणाला, "पावणं, काय हरवलं काय?"

"न्हाय, गावलं. लगीन उरकलं की ह्यो पाट देतासा का?"

त्यानंतर गल्लीतल्या लग्नाच्या पत्रिका त्यांच्या घरावरून पुढं जायला लागल्या.

मी चौथीत मास्तरांशी भांडून शाळा सोडली ती सोडलीच. उद्यमनगरात लेथवर जन्म गेला. मला मिस्त्री म्हणतात, आणि उगीच म्हणत नाहीत. मी केलेला शाफ्ट सूतभर जादा निघाला म्हणून परत आला, असं एकानं जरी पुढं येऊन सांगितलं तर मिशी उतरवीन. तेव्हा मापाच्या बाबतीत मी बोलतो ते खरं धरून चाला.

आण्णांची आणि माझी भिंत एक. लाकूड वाजवण्याचं कारण मला माहीत होतं. त्यांना गिटार करायची होती. पोरं गळ्यात अडकवून हिंडतात तसली नव्हे. ही मांडीवर आडवी निजवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची. नदीच्या पल्याडनं कुणी हाक मारावी तसा आवाज येतो. पहिली त्यांनी तरुणपणी स्वतःच केलेली. पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं त्या वर्षी ती भिजली, फुगली, सांध्यातनं उकलली. पुढच्या थंडीत आण्णांच्या घरच्या, पद्मावहिनी, वारल्या. तेव्हापासून आण्णांचं एकच पालुपद. "एकडाव तसली वाजली पायजे, मिस्त्री. मग काय का होईना."

एके दिवशी मी जेवत होतो. आण्णा आले ते थेट स्वयंपाकघरात, आणि माझ्या डोक्यावरची मांडणीची फळी वाजवायला लागले. आमटीत धूळ पडली.

"मिस्त्री! बोलतीया की ही!"

"मला जेवू तर द्या."

"जेवा की. फळी देतासा न्हवं?"

अस्सल सागवान. त्या फळीवर आमच्या मंडळींच्या लोणच्याच्या बरण्या असायच्या. आता बरण्या नाहीत, मंडळीही नाहीत. मोकळी फळी बघत भाकरी खायची. मी म्हटलं, न्या. पण एक अट. काम माझ्या डोळ्यांसमोर आणि माझ्या मापानं.

अट त्यांनी मान्य केली आणि पहिल्याच दिवशी मोडली. आण्णांचा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला, टेपवर त्यांचा विश्वास नाही. दारातल्या बाकड्यावर बसले, फळी मांडीवर आडवी घेतली, उजव्या गुडघ्यापलीकडं एक खूण केली, आणि डावीकडं फळी पार बाकड्याच्या टोकापर्यंत सोडली.

"आण्णा, गिटार करालायसा का तिरडी?"

"लांब असू दे."

"मांडीवर मावत न्हाय की!"

"न मावू दे."

रंधा मारताना फळीतनं लोणच्याचा वास सुटला. आण्णांनी रंधा जरा हळू केला, एवढंच.

कांडी मी दिली करून. अशी गुळगुळीत, की तिच्यात बघून दाढी करावी. तारा चढल्या. खुंट्या बसल्या, त्या डावीकडच्या अगदी टोकाला. मग आण्णा बाकड्यावर बसले, गिटार मांडीवर घेतली, आणि मी सांगितलं होतं तेच झालं. डावं टोक जड, ते खाली जायला लागलं. आण्णा ते सावरत खुंटीकडं हात लांबवायला गेले. हात पोचेना. सरकून पोचवावा तर गिटारही सरकते. म्हशीच्या मागं धावावं तसा प्रकार.

मला हसू आवरेना. "खुंटी पिळाय आता शेजारीण बोलवतासा व्हय?"

ते हसले नाहीत.

टोकाखाली स्टूल ठेवून बघितलं. तार जुळली, पण आण्णांनी वाजवायला कांडीच उचलली नाही. "स्टूल नगं," म्हणाले. असं रोज चाललं. गिटार तयार आणि माणूस नुसता तिच्याकडं बघत बसलेला. शेवटी मी घरातनं करवत आणली, खुंट्यांच्या अलीकडं पेन्सिलीनं रेघ मारली.

"हितनं कापतो. खुंट्या मागं घेऊ. संध्याकाळपर्यंत वाजवशीला."

आण्णांनी रेघेवर हात ठेवला. "कापू नगा, मिस्त्री."

"का? कारण सांगा. आडमुठेपणा नगं."

"पयलीबी एवढीच लांब होती."

"मग तवाबी चुकलासा."

"चुकलो न्हाय. मापून केलती." त्यांनी डावीकडची मोकळी जागा तळव्यानं पुसली. "आमचं घर माणसांनी भरलेलं. नवी सून नवऱ्याशेजारी बसली म्हंजे आभाळ कोसळायचं. आई दिवसभर सोप्यात ठाण मांडून. लगीन होऊन पावसाळा उलटला, पर हिचं तोंड मी उजेडात बघितलं न्हवतं. मग ती पयली गिटार केली. आईला म्हटलं, माझा हात पोचत न्हाय, पलीकडं कोणतरी टोक धराय पायजे. आई म्हटली, कशाला केलास असलं आचरट? आणि आत तोंड करून वरडली, अगं सूनबाई, ह्येची खुंटी पिळ जा!"

आता मात्र ते हसले.

"तवापास्नं ती हितं बसायची. टोक तिच्या मांडीवर. सूर लागला तरी मी म्हणायचो, अजून जरा. ती पिळायची, परत सैल सोडायची. आई म्हणायची, एवढा येळ काय पिळतीस गं?"

मी करवत भिंतीला टेकवली. मग उगीच रागावलो. "आधी सांगाय काय झालतं? सरका तिकडं."

"कुटं?"

"मला जागा द्या की!"

मी बाकड्याच्या डाव्या बाजूला बसलो. जड टोक मांडीवर घेतलं. गिटार आडवी, सरळ, काट्यावरच्या पारड्यासारखी स्थिर झाली. माप बरोबर होतं.

"आवळा," आण्णा म्हणाले. मी आवळली.

"सैल." मी सोडली.

त्यांनी तार छेडली आणि तिच्यावरनं कांडी एकदाच ओढली. लोणच्याची फळी अशी बोलेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आण्णांनी डोळे मिटले.

मला सुरातलं कळत नाही. पण लेथचा पट्टा सैल पडला की ज्या कानाला कळायचं, त्या कानाला कळलं. तार बरोबर लागली होती.

"झालं का?" मी विचारलं.

"अजून जरा," आण्णा म्हणाले.

मापाच्या कामात मी जन्मात लबाडी केलेली नाही. खुंटी केसभर पुढं नेली, केसभर मागं आणली, आणि बसून राहिलो.