सिंहाच्या गाडीचं खळ्ळ-टक्

एका जंगलात एक सिंह होता आणि त्याच्याकडे गाडी होती. हसू नका. होती म्हणून सांगतोय ना!

आता तुम्ही विचाराल, सिंहाला गाडी कशाला? शिकारीला. मग पायी का जात नव्हता? बाळांनो, गाडी घेतल्यापासून तुमचे बाबा कोपऱ्यावरून दूध आणायला तरी पायी जातात का? झालं तर मग.

जंगलातले रस्ते खड्ड्यांचे. एक दिवस गाडीचा पुढचा शॉकअप गेला. महाराजांनी गाडी निवृत्ती मिस्त्रीकडे टाकली. हा मिस्त्री म्हणजे साळिंदर. अंगाने चांगला गोलमटोल, पाठीवरच्या काट्यांत पाने आणि पक्कड खोचलेली. हात मोठा गुणी, पण जेवायची वेळ झाली की कामात लक्ष म्हणून नसायचं. त्याने नवा शॉकअप बसवला, सगळे नट आवळले, आणि डावीकडचा शेवटचा नट हाताने नुसता फिरवून तो भाकरी खायला पळाला. जेवून आला, एक डुलकी काढली आणि गाडी देऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी सिंह परत हजर.

"मिस्त्री, गाडी आवाज करते!"

"कसा आवाज, महाराज?"

इथे भल्याभल्यांची पंचाईत होते. सिंहाने घसा खाकरला. "खळ्ळ-टक्."

"खड्ड्यात की वळणावर?"

"खड्ड्यात खळ्ळ-टक्. वळणावर नुसतंच कुंईऽऽ."

जंगलाचा राजा भर दुपारी गॅरेजात उकिडवा बसून कुंई कुंई करत होता, आणि हसायची कुणाची छाती नव्हती.

"अर्ध्या कोसावरून चितळांना ऐकू जातं," सिंह म्हणाला. "तीन दिवस पोटात अन्नाचा कण नाही. रविवारपर्यंत आवाज गेला पाहिजे. नाही गेला, तर रविवारी तुलाच खाणार. काटे काढून."

एवढं बोलून तो निघून गेला. मिस्त्रीने गाडीखाली डोकं घातलं आणि तो नट लगेच दिसला. अरे देवा, ही तर आपलीच चूक! त्याने पाना उपसला. दोन फेरे मारले की काम खल्लास.

तेवढ्यात चितळांचा अख्खा कळप रानफुलांचा हार घेऊन दारात आला. सगळ्यांत पुढे म्हातारी भागीरथीबाई.

"निवृत्तीदादा, तुमचे उपकार कसे फेडू?" तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "परवा माझी दोन्ही नातवंडं तळ्यावर होती. तुम्ही गाडीला आवाज बसवलात म्हणून वाचली हो!"

मिस्त्री गळ्यात हार आणि हातात पाना घेऊन उभा राहिला. त्याच्या कामाचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं, आणि हे तर न केलेल्या कामाचं होतं. नट आवळला तर भागीरथीबाईंची नातवंडं जाणार. नाही आवळला तर आपण जाणार. बिचाऱ्याला भाकरी गोड लागेना.

बायको सगुणा म्हणाली, "अहो, एवढं काय? तो नट सोडून बाकी सगळं बदला!"

त्याने दुसरा शॉकअप बदलला. बुश बदलले. चाकं अदलाबदल केली. काही सुचेना तेव्हा सीटकव्हरसुद्धा बदललं. आवाज होता तिथेच. रविवार उजाडला.

"आवाज येतोच आहे," सिंह म्हणाला आणि त्याने गळ्याला रुमाल बांधला.

मिस्त्रीला दरदरून घाम फुटला. जीव वाचवायला त्याने जगातला प्रत्येक मिस्त्री म्हणतो तेच म्हटलं. "महाराज, माझ्यासमोर येऊ दे तो आवाज."

दोघे गाडीत बसले. मिस्त्री डावीकडे. पहिला खड्डा आला. काही नाही. दुसरा आला. चिडीचूप! मिस्त्रीचा गलेलठ्ठ देह डाव्या बाजूला टेकला होता आणि तो ढिला नट जागच्या जागी गच्च दाबला गेला होता.

"अरेच्चा! आत्ता तर येत होता!" सिंह म्हणाला. मग त्याचे डोळे चमकले. "म्हणजे तू बसलास की आवाज जातो. मग असाच बसून राहा. चल तळ्यावर!"

गाडी तळ्याकडे सरकू लागली. चितळं पाणी पीत होती. भागीरथीबाईंची नातवंडं एकमेकांना ढुशा देत खेळत होती. एकानेही कान टवकारला नाही. मिस्त्री तर काहीच करत नव्हता, नुसता बसला होता, आणि त्या बसण्यानेच दोन पोरं मरणार होती. मेलं तरी चालेल, पण आता त्याला बसवेना.

समोर खड्डा आला. मिस्त्रीने डोळे घट्ट मिटले आणि सीटवरून ढुंगण उचललं.

खळ्ळ-टक्!

क्षणात तळ्यावर कुणी नाही.

सिंहाने गाडी थांबवली. सावकाश मान वळवली. "मिस्त्री. आवाज आला."

मिस्त्रीचे झाडून सगळे काटे उभे राहिले. पण तीस वर्षं गॅरेज काय उगाच चालवलं होतं? त्याने मान तिरकी करून नीट कान लावला.

"आला खरा. पण महाराज, तो जुना आवाज तर गेला. हा नवा आहे."

"नवा?"

"जुना खालून यायचा. हा पुढून येतोय. तुमच्या लक्षात आलंच असेल."

सिंहाच्या काहीएक लक्षात आलं नव्हतं. पण राजाने तसं कबूल करायचं म्हणजे काय!

"आलं ना. पुढूनच येतोय," तो म्हणाला. "मग आता?"

"गाडी ठेवून जा. बघतो."

या गोष्टीला चार वर्षं झाली. गाडी अजून गॅरेजातच आहे. महाराज शिकारीला जात नाहीत, कारण गाडी नाही. करवंदं आणि बोरं खाऊन दिवस काढतात. दर सोमवारी पायी येतात, बाकड्यावर बसतात आणि हळूच विचारतात, "मिस्त्री, कुठवर आलंय?"

"पार्ट मागवलाय," मिस्त्री सांगतो.

तात्पर्य: काम नेहमी मन लावून करावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. शिकवू देत. तुम्ही आधी गाडी कुणाची आहे ते बघा.