पुंडलिकअण्णांचा मणी

चिमी भाताला तोंड लावीना, तेव्हा पुंडलिकअण्णांनी आधी मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. तरी नात पोट धरून किरकिरतच राहिली. दोन वर्षांची पोर, एरवी तारापूरच्या खाडीलगतची ती सगळी आळी डोक्यावर घेणारी, आता आईच्या खांद्यावरून खाली उतरेना. शेवटी सून नलू तिला घेऊन बोईसरच्या डॉक्टरांकडे गेली. अण्णा बरोबर होतेच, कारण नातीचा कुठलाही निर्णय त्यांच्याशिवाय होत नसे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा तो काळ. बोईसरला कारखाने झपाट्याने उभे राहत होते आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"घरातलं कोण कारखान्यात आहे?"

"माजा पोरगा, नामदेव," अण्णा म्हणाले.

"मग त्याला सांगा, घरी आल्यावर आधी आंघोळ, मग पोरीला घ्यायचं. काही कारखान्यांची धूळ विषारी असते. कपड्यांवरून घरात येते, पोरांच्या हाताला लागते आणि तोंडात जाते. औषध देतो. उतार पडला नाही तर परत आणा."

संध्याकाळी नामदेव शिफ्टच्या बसमधून उतरला, तेव्हा अण्णा विहिरीवर बादली भरून उभे होते.

"कपडे काढ."

"इथं?"

"मग काय घरात? माज्या नातीला फॅक्टरीचं विष चारतो?"

"बाबा, आमच्या फॅक्टरीत टॉवेल बनतात."

"टॉवेलाला रंग असतो. काढ."

बापापुढे नामदेवचं कधीच चाललं नव्हतं. सगळ्या आळीदेखत त्याने आंघोळ केली. शेजारच्या हंसाला ही पद्धत फारच आवडली. दुसऱ्या संध्याकाळी तिचा नवराही विहिरीवर दिसला. बघता बघता बसमधून उतरणारे सगळेच गडी टमरेल घेऊन रांगेत उभे राहू लागले. बसचा ड्रायव्हर खिडकीतून "क्या पुंडलिक काका, आज कितनों का स्नान?" असं विचारून मगच गाडी वळवायचा. अण्णा कठड्यावर बसून एकेकाची नखं तपासायचे. मान नीट घासली नसेल तर परत पाठवायचे.

आंघोळी आटोपल्या की अण्णा घरामागच्या पडवीत आपल्या कामाला बसत. खाडीत हाताने फेकायच्या जाळ्याला कडेने शिशाचे मणी ओवावे लागतात, तरच जाळं तळाला बसतं. ते मणी ओतावे तर अण्णांनीच, अशी त्यांची ख्याती. दूरदूरचे मासेमार त्यांच्याकडे येत. बळवंत भंगारवाल्याकडून ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या आणायच्या, फोडायच्या, आतलं शिसं कढईत वितळवून मातीच्या साच्यात ओतायचं. धुराने पडवी भरून जायची. चिमी आजोबांच्या मांडीला टेकून गार झालेल्या मण्यांशी खेळायची. त्याच हातांनी अण्णा तिला भात भरवायचे. याच पडवीत त्यांच्या वडिलांनीही त्यांना असंच भरवलं होतं.

विहिरीचा तळ दिसायची वेळ आली, तरी चिमीला उतार पडेना. रंग पिवळट पडला, येत होते ते दोन-चार शब्दही ती बोलेनाशी झाली. नलू रडकुंडीला आली. अण्णांनी पोराला सोडा घालून घासलं. नामदेवची कातडी निघायची तेवढी बाकी होती.

मग सगळे पुन्हा बोईसरला गेले. या वेळी डॉक्टरांनी चिमीच्या पोटाचा फोटो काढायला लावला आणि तो काळा फोटो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला.

"हिने काहीतरी गिळलंय. हे गोल, पांढरं. मधे भोक आहे."

"नट असंल," अण्णा लगेच म्हणाले. "याच्याच खिशातून पडला असंल."

"बाबा, टॉवेलाला नट नसतात," नामदेव कळवळून म्हणाला.

"आन बघू."

अण्णांनी फोटो हातात घेतला, डोळे बारीक केले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"छे, छे. नट असा नसतो डॉक्टर. ही कड बघा. कुठं चीर नाय, कुठं बुडबुडा नाय. भोक कसं मधोमध हाय. या किनाऱ्याला असा मणी एकच माणूस ओततो."

अण्णांचा हात फोटोसकट खाली आला.

"शिशाचा आहे?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "घरातच वितळवता?"

अण्णांनी होकारार्थी मान हलवली. धूर, राख, हात, कपडे, पडवीची माती, सगळ्यातून शिसं पोरीच्या अंगात गेलं होतं. मोठ्यांपेक्षा लहान पोरांना ते फार लवकर बाधतं, डोक्यावरही परिणाम करतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग ते स्वतःवरच चिडून म्हणाले, "कारखान्याचं विचारलं, आजोबा काय करतात ते विचारायचं माझ्याही लक्षात आलं नाही."

अण्णा दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. नामदेवने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मणी बाहेर पडला, पण अंगातलं शिसं उतरायला पुढे बरेच महिने गेले. मणी ओतणं बंद झालं, बॅटऱ्या भंगारात परत गेल्या. पडवीची माती खोल उकरून काढली. खाडीवर एक झोपडी बांधून शिशाच्या मण्यांची जाळी तिकडे नेली. खाडीवरून आल्यावर अण्णा गपचूप विहिरीवर जाऊन उभे राहत.

"नखं दाखवा, बाबा," नामदेव बादली ओतत म्हणायचा. त्याला मनातून थोडी मजा येत असे, हे खोटं नाही.

चिमी पुन्हा बोलायला लागली ती विहिरीवरच. कठड्यावरून बोट दाखवून ती म्हणाली, "आजोबा, मान."

त्या दिवशी अण्णांनी मान दोनदा घासली.

पोटाचा तो फोटो त्यांनी पडवीच्या खिडकीत टांगला. मणी मागायला कोणी आलं की त्याला फोटोपुढे उभं करायचे. "बघ, माज्या नातीच्या पोटात. घरात पोर हाय ना तुज्या? मग मातीचे भाजके मणी लाव, मासे कमी मिळतील तर मिळू दे." ऐकणारा मान खाली घालून निघायचा.

तो दारापर्यंत पोचला की अण्णा त्याला परत हाक मारायचे आणि, घरात कोणी ऐकत नाही ना हे पाहून, हळूच विचारायचे, "पन कड बघितली का रे?"