इंजिनाला दोन वाट्या भाजणी

रविवारी सकाळी माणसानं काय करावं याबद्दल शासनाचा एकही नियम नाही, आणि तिथंच माझा घात झाला. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. सोमवार ते शुक्रवार माझ्या हातून काही बिघडत नाही, कारण माझ्या हातात काही नसतंच. सुटीच्या दिवशी मात्र मी मोकळा असतो. अशाच एका रविवारी मोबाईलवर मी एका गृहस्थांचा व्हिडिओ बघितला. ते म्हणाले, "जुनी गाडी तेल पिते. जो दर आठवड्याला इंजिन ऑइल तपासत नाही, तो गाडीचा मालकच नव्हे." मला ते फार लागलं. (खरं म्हणजे मी मालक नाहीच, पण ते पुढं येईल.) त्याच क्षणी ठरवलं की दर रविवारी बॉनेट उघडून तेल आपण स्वतः बघायचं.

गाडी एकोणीस वर्षांची, पांढरी, आणि माझ्या सासऱ्यांची. सासरे म्हणजे देवगाव रंगारीचे तात्यासाहेब. चार वर्षांपूर्वी त्यांनी नवी जीप घेतली आणि ही गाडी आम्हाला वापरायला दिली. 'वापरायला' हा शब्द त्यांनी तेव्हा दोनदा उच्चारला होता. कागदपत्रं अजून त्यांच्याच नावावर आहेत. तरीही देवगावात मला 'गाडीवाले जावई' म्हणतात. शिक्षण, नोकरी, स्वभाव यांपैकी कशावरही मला आजवर पदवी मिळालेली नाही. ही एकच आहे, आणि मला ती प्राणापलीकडे प्यारी आहे.

तर मी तेल तपासू लागलो. सकाळी गाडीतून दूध आणायचं, आल्या आल्या बॉनेट उघडायचं, डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, उपसायची, तेल कमी दिसलं की भर घालायची. आणि ते दर रविवारी कमीच दिसायचं. व्हिडिओतल्या गृहस्थांबद्दलचा माझा आदर आठवड्यागणिक वाढत गेला. तिसऱ्या आठवड्यात पार्किंगमध्ये गाडीखाली तेलाचा एक डाग दिसला, बशीएवढा. पाचव्या आठवड्यात तो ताटाएवढा झाला. मी सायलीला म्हणालो, "बघ, मी लक्ष ठेवलं म्हणून कळलं तरी. नाहीतर इंजिन कोरडं पडलं असतं."

"तुम्ही लक्ष ठेवण्याच्या आधी डाग नव्हता," सायली म्हणाली.

बायकांना यंत्रातलं कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी ते मनात म्हणालो.

सायलीनं ही गोष्ट फोनवर सहज तिच्या आईच्या कानावर घातली. आईच्या शेजारी तात्यासाहेब बसलेले होतेच. त्यांनी फोन घेतला.

"जावईबापू, गाडी तेल टाकाया लागली म्हणं?"

"नाही नाही. एसीचं पाणी असतं ते."

"काळं?"

"धूळ फार आहे हो आमच्याकडं."

तात्यासाहेबांनी धुळीचा विषय तिथंच सोडला. मग म्हणाले, "मी अन् ही दिवाळीच्या खरेदीला येतोय रविवारी. गाडी बघतो. तेल टाकीत असली तर कन्नडला धाडून देऊ. विश्वजीतरावांजवळ राहील, त्यांच्या हाताला गुण हाय."

विश्वजीत म्हणजे माझा साडू. त्याचं कन्नडला पंप आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. तो इंजिनाचा नुसता आवाज ऐकून आजार सांगतो. (माझी समजूत अशी आहे की तो अंदाजपंचे सांगतो, पण बरोबर येतं.) डोळ्यांसमोर भाऊबीज उभी राहिली. विश्वजीत पांढऱ्या गाडीतून उतरतोय आणि मी दोन पिशव्या व एक फराळाचा डबा सांभाळत एसटीतून उतरतोय. खरं सांगतो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गाडी करीमभाईंकडं नेणं हा सरळ मार्ग होता. शहागंजला त्यांचं गॅरेज आहे आणि ही गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाताखालची आहे. अडचण एवढीच, की करीमभाई तात्यासाहेबांचे तीस वर्षांचे दोस्त. गाडी गॅरेजच्या दारात उभी राहायच्या आत देवगावात फोन गेला असता. म्हणून मी शुक्रवारी त्यांना एका मित्राच्या गाडीबद्दल विचारलं.

"करीमभाई, माझ्या एका दोस्ताची गाडी तेल गळतेय."

"अच्छा. कौनसी गाडी है दोस्त की?"

"पांढरी. म्हणजे पांढरट. नीटसं आठवत नाही."

"पुरानी है?"

"एकोणीस वर्षांची."

"हौ," करीमभाई म्हणाले. त्या 'हौ'मध्ये जरा जास्तच समजूतदारपणा होता, पण मी दुर्लक्ष केलं. "तो दोस्त कू बोलो, इंजन थंडा करके कपडे से चकाचक पोछो. फिर ऊपर से पावडर मारो, चेहरे पे लगाते वो. दस मिनट गाडी चालू रखो. जिथं पावडर काली पडेल, तिथून तेल येतंय. सीधी बात है. और दोस्त कू बोलो, घबराना नक्को."

शनिवारी दुपारी सायली शिंप्याकडं आणि कापड घ्यायला औरंगपुऱ्यात गेली. मी पार्किंगमध्ये उतरलो आणि इंजिन पुसून काढलं. त्यात माझा एक बनियन आणि सायलीचा एक टॉवेल खर्ची पडला. मग पावडरचा डबा उपडा केला, तर चार चिमट्या निघाल्या. दुकानात जायला हात काळे होते. मी वर स्वयंपाकघरात गेलो. फळीवर एक स्टीलचा डबा होता, तोंडाला फडकं बांधलेला. आत छान बारीक, फिक्या रंगाचं पीठ होतं. बारा वर्षांच्या संसारानंतरही मला पीठं ओळखता येत नाहीत. माझ्या हिशेबी पीठ म्हणजे पावडरच, फक्त मोठ्या डब्यातली. मी दोन वाट्या पीठ घेतलं, चहाची गाळणी घेतली, आणि सबंध इंजिनावर समान थर बसेल असं चाळलं. काम इतकं सुबक झालं होतं की मी त्याचा फोटो काढला. मग गाडी चालू केली.

पाच मिनिटं झाली असतील. एक खमंग वास सुटला.

आधी मला वाटलं, कुणाच्या घरी दिवाळीची तयारी चालू असेल. दुसऱ्या मजल्यावरच्या वच्छलाबाई गॅलरीत आल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, "काय हो, भाजणी कोण भाजतंय?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक." आमचा वॉचमन कचरू गेटवरून वास घेत घेत आला आणि गाडीपाशी येऊन थांबला.

"साहेब, गाडीत काय शिजायलंय?"

"काही नाही. टेस्टिंग चालू आहे."

"लई झकास लागंल टेस्टिंग," कचरू म्हणाला आणि तिथंच उकिडवा बसला.

एवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली. तीतून आधी तात्यासाहेबांचं धोतर उतरलं, मग तात्यासाहेब, आणि मग माझ्या सासूबाई, भागूबाई. एक दिवस आधी. (सासरेमंडळी सांगितलेल्या दिवशी आली असती, तर माझ्या आयुष्यातले निम्मे प्रसंग घडलेच नसते.) मी धाडकन बॉनेट लावलं.

"जीप सर्व्हिसिंगला टाकली, मग म्हणलं आजच निघावं," तात्यासाहेब म्हणाले. "गाडी चालूच हाय व्हय? बरं झालं. सायली कुठंय?"

"औरंगपुऱ्यात. पिशव्या घेऊन उभी असेल."

"मग चला की. तिला घेऊ, अन् गाडीचं बी कळंल."

नाही म्हणायला काही कारण सुचेना. आम्ही निघालो. मी काच खाली केली, भागूबाईंनी धूळ येते म्हणून ती वर करायला लावली. मी एसी लावला. ही चूक होती, कारण एसीच्या जाळीतून तो वास थेट गाडीत आला. त्रिमूर्ती चौकात भागूबाईंनी नाक वर केलं.

"कुणाच्या तरी घरी भाजणी चाललीय."

"दिवाळी आली ना, मामी."

क्रांती चौकात त्या पुन्हा म्हणाल्या, "इथं बी चाललीय."

"मोठं शहर आहे."

पैठण गेटला त्या गप्प झाल्या. मला वाटलं, सुटलो. पण त्या विचार करत होत्या. औरंगपुऱ्याच्या वळणावर त्यांनी पदर सावरला आणि ठामपणानं म्हणाल्या, "ही माझी भाजणी हाय. धने मी जास्त घालते, दुसरं कुणी घालत नाय. परवाच सायलीला डबा धाडला होता."

"एवढ्या लांबून वास कसा येईल घरचा?" मी म्हणालो.

"तेच तर म्हणते मी," भागूबाई म्हणाल्या.

त्यानंतर फार वेळ मिळाला नाही. औरंगपुऱ्यात दिवाळीआधीचा शनिवार, मुंगी शिरायला जागा नव्हती. गाडी अडकली, इंजिन तापलं, आणि भाजणी खमंगच्या पुढं जाऊन करपू लागली. बॉनेटच्या फटीतून धूर आला. शेजारचा रिक्षावाला ओरडला, "चाचा, गाडी जली!" कापडाच्या दुकानासमोर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सायली उभी होती. तिनं धूर बघितला, आईवडिलांना बघितलं, मग मला बघितलं, आणि पिशव्या खाली ठेवल्या. लग्नाला बारा वर्षं झाली की असं पिशव्या खाली ठेवण्याचा अर्थ कळतो.

गाडी कडेला ढकलली आणि तात्यासाहेबांनी स्वतः बॉनेट उघडलं. पंधरा-वीस माणसं जमली होती. आत माझं इंजिन तांबूस, काही ठिकाणी काळपट, आणि सगळीकडून कुरकुरीत झालेलं होतं.

"हे काय हाय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"पावडर," मी म्हणालो.

भागूबाईंनी बोटानं एक पापुद्रा उचलला, नाकाशी नेला आणि शांतपणे विचारलं, "किती घेतली?"

"दोन वाट्या."

तात्यासाहेबांनी करीमभाईंना फोन लावला. शहागंज काही लांब नाही. दहा मिनिटांत करीमभाई स्कूटीवर आले, आत डोकावले, आणि खांदे हलवत बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मग डोळे पुसून म्हणाले, "गोकुळसाब, दोस्त की गाडी हैच ना ये?"

आता कन्नड अटळ आहे हे मला कळून चुकलं होतं. मी मनातल्या मनात एसटीची वेळ आठवत होतो.

पण एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. भाजणीनं काम चोख केलं होतं. तांबूस थरावर एक काळी ओली रेघ वरून खाली गेली होती. करीमभाईंनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते उलटं वर वर नेलं. बोट जिथं थांबलं तिथं तेल भरायचं झाकण होतं. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं, तसं पातेल्यावरच्या झाकणासारखं सहज हातात आलं.

"ये फिराके बंद करना रहता, साब."

मी फिरवत नव्हतो. पहिल्या रविवारी ते उघडायला मला वीस मिनिटं लागली होती, म्हणून नंतर मी ते नुसतं वर ठेवत होतो. करीमभाईंनी डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली आणि तात्यासाहेबांना दाखवली. तेल खुणेच्या चांगलं दोन बोटं वर होतं.

"चालू गाडी बंद केली की तेल वरच रहता. दस मिनट थांबून बघायचं. इन्होंने गरम गाडी में देखा, कम दिखा, डाला. फिर देखा, फिर डाला. जास्त तेल बाहर नहीं आएगा तो क्या करेगा?" मग ते हळूच म्हणाले, "तात्यासाहेब, गाडीला काय बी नाय झालं. गाडी सोन्यासारखी हाय."

'गाडीला' या शब्दावर त्यांनी किती जोर दिला ते सगळ्या गर्दीला कळलं.

भागूबाई रागावतील असं मला वाटलं होतं. पण तोवर स्कूटीवरच्या दोन बायका थांबून त्यांना विचारत होत्या, "मावशी, वास तुमच्या भाजणीचा का? प्रमाण सांगा ना." भागूबाई भर रस्त्यात गाडीला टेकून तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, धने किती हे सांगत होत्या. एकीनं ते लिहून घेतलं. माझ्याकडं वळून सासूबाई म्हणाल्या, "विचारलं असतंत तर जुनी ज्वारीची पिठी दिली असती."

करीमभाईंच्या गॅरेजमध्ये जास्तीचं तेल काढलं, झाकणाचं रबर बदललं, आणि त्यांनी स्वतः ब्रशनं इंजिन खरवडलं. गळती बघायला गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता, तो तासाभरानंतरही कोरडा होता. तात्यासाहेब त्या पुठ्ठ्याकडं बघत चहा पीत होते. मी समोरच्या स्टुलावर बसलो होतो, शाळेत निकालाच्या दिवशी बसायचो तसा.

"गाडी कुठं जाणार नाय," शेवटी ते म्हणाले. "इथंच राहील."

माझे डोळे भरून आले. मी उठून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच ठेवून करीमभाईंना म्हणाले, "बॉनेटला कुलूप बसतं का?"

बसतं. मला माहीत नव्हतं. करीमभाईंकडं ते तयारच होतं. दोन भोकं, एक कडी, पितळी कुलूप. चावी एकच, आणि ती तात्यासाहेबांनी सायलीच्या हातात दिली. मला गाडी चालवायची, धुवायची आणि हॉर्न वाजवायची पूर्ण मुभा आहे.

गेल्या रविवारी काच पुसायचं पाणी संपलं. मी सायलीकडं चावी मागितली. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती बराच विचार करून चावी घेऊन गॅलरीत गेली आणि तिनं ती खाली टाकली. मी झेलायला हात पुढं केले, पण चावी कचरूनं झेलली. त्यानं कुलूप काढलं, बॉनेट उघडून टेकू लावला, पाण्याची बाटली हातात घेतली, आणि मग मोठ्या अदबीनं मला म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा त्या खांबापाशी उभं राहता का? ताईंनी सांगितलंय."