पोवळी हरिणीची पात्रता

एका जंगलात, बरं का बाळांनो, सरकार फार दयाळू होतं. इतकं दयाळू, की अपंग प्राण्यांसाठी त्यानं एक कुरण राखून ठेवलं होतं. भोवती काटेरी कुंपण, दारात हत्तीचा पहारा.

त्याच जंगलात पोवळी नावाची एक हरिणी राहायची. शिकाऱ्याच्या फासात तिचा पुढचा एक पाय गुडघ्यापासून गेला होता. कळप पळाला की ती मागे पडायची. त्यात पदरी पाडस.

"कुरणात जा गं बाई," शेजारची साळिंदरमावशी म्हणाली. "तुझ्यासारखीसाठीच केलंय ते."

पाडसाला घेऊन पोवळी लंगडत लंगडत अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या तपासणी मंडळाकडे गेली. तिथं डॉक्टर होती पाल. तिनं थोटूक पाहिलं.

"येईल परत. माझं शेपूट तुटलं, आलं की नाही?"

"हरणांचे पाय परत येत नाहीत हो, डॉक्टरीणबाई."

"डॉक्टर तू की मी?"

मंडळाचे अध्यक्ष होते बगळेसाहेब. ते तळ्यात एका पायावर उभे राहून कारभार बघत. म्हणाले, "मी जन्मभर एका पायावर राज्याची सेवा करतोय. कधी तक्रार केली? तुला तर चांगले तीन आहेत. अपात्र!"

तेवढ्यात मागच्या दारानं एक गुबगुबीत लांडगा दाखला घेऊन निघाला.

"यांना काय झालंय?" पोवळीनं विचारलं.

"गवत पचत नाही हो त्यांना, जन्मापासून," पाल हळहळली. "आता कुरणातच राहतील बिचारे."

लांडग्यानं पाडसाकडे बघून जीभ फिरवली. पोवळी चटकन आड आली आणि तिथून निघाली.

वाटेत रानकुत्री मागे लागली. पोवळीनं पाडसाला करवंदीच्या जाळीत लोटलं आणि स्वतः उलट्या दिशेला धूम ठोकली. थोटूक दगडांवर आपटत होतं. रक्त ठिबकत होतं. कुत्री अगदी शेपटीशी आली, तेव्हा तिनं दरडीवरून तळ्यात उडी घेतली. कुत्र्यांची काही छाती झाली नाही.

धापा टाकत ती वर आली, ती नेमकी बगळेसाहेबांसमोर.

"अरे वा! काय धावते! काय पोहते!" साहेब भारावले. "आणि ही म्हणे अपंग!"

दुसऱ्याच दिवशी पोवळीचा जाहीर सत्कार झाला. लालभडक शाल, श्रीफळ आणि साहेबांचं लांबलचक भाषण. जिद्दीपुढे अपंगत्व कसं हरतं, यावर.

पोवळी हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, शाल नको. निदान पाडसाला तरी कुरणात घ्या."

"त्याला तर चार पाय आहेत!" साहेब म्हणाले. सभेत हशा पिकला. टाळ्या पडल्या. तिचं प्रकरण कायमचं बंद झालं.

पाडसाला मावशीकडे सोडून, शाल पांघरून, पोवळी चरायला त्याच रानात गेली. रानकुत्र्यांना ती लाल शाल लांबूनच दिसली.

तात्पर्य : अपंगानं जीव वाचवण्यासाठी पळण्याआधी आसपास एखादा साहेब नाही ना, हे नीट पाहून घ्यावं.