मुडद्याच्या गाडीला वीजजोडणी

"भोक डाव्या बाजूला पाडा, दाजी," मेहुणा म्हणाला.

"उजव्या," सारथी म्हणाला आणि त्याने ड्रिल मशीन उजव्या बाजूला टेकवून सुरूही केलं. मेहुण्याचा सल्ला ऐकून भलं झालेला माणूस त्या गल्लीत शोधूनही सापडला नसता. पण हे मेहुण्याला कोणी सांगायचं? तो बायकोचा धाकटा भाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारा, आणि विमा विकून झाल्यावर उरलेला सगळा वेळ दुसऱ्यांच्या कामात घालवणारा.

सारथी हे गल्लीने ठेवलेलं नाव. उभी हयात नगरपालिकेची शववाहिका चालवण्यात गेली, म्हणून लाडाने सारथी. लाड आपले म्हणायचे, कारण सकाळी कामाला निघताना तो समोर आला की लोक घरात परत जाऊन, पाणी पिऊन, मगच निघत. तो निवृत्त झाला आणि पाठोपाठ त्याची गाडीही भंगारात निघाली. लिलावात तिच्यावर बोली लावणारा हा एकटाच होता. त्याने तिला पिवळाधमक रंग फासला, खिडक्यांना पडदे लावले, आत फळ्यांचा पलंग ठोकला. तरीही ऊन तिरपं पडलं की रंगाखालून 'शववाहिका' ही अक्षरं वर यायची ती यायचीच.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी. तिची फुप्फुसं कामातून गेली होती. नाकात नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन, असा संसार होता. मशीन बंद पडलं की थोड्याच वेळात ओठ निळे पडायला लागत. डॉक्टरांनी सारथ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काय इच्छा असतील त्या आता लांबणीवर टाकू नका." आणि बायकोची इच्छा एकच होती, थोरल्या बहिणीला, अक्काला, भेटायचं.

अक्का घाटापलीकडे राहायची आणि तिने यांच्याशी बोलणं टाकलं होतं. कारणही तसंच होतं. तिच्या मुलीचं लग्न ठरवायला मंडळी जमली होती त्या दिवशी यांची बस चुकली. वेळेवर पोचायचंच म्हणून सारथ्याने बायकोला ड्यूटीच्या गाडीत घातलं आणि गाडी नेऊन उभी केली ती थेट दारात. मुलाच्या आजोबांनी ती खिडकीतून पाहिली आणि त्यांच्या छातीत कळ आली. ते काही मेले नाहीत, पण लग्न मेलं. तेव्हापासून अक्का यांचा फोन उचलत नव्हती.

"आणि आता त्याच गाडीत बसून तिची समजूत काढायला जायचं?" मेहुण्याने विचारलं होतं.

"दुसऱ्या कुठल्या गाडीत मला आडवं नेतील?" बायको म्हणाली होती. "आणि हे बघ, मी आजारी आहे हे अक्काला कळता कामा नये. कीव करायला आलेली बहीण मला नको. भांडण मिटवायला येत असेल तर येऊ दे, नाहीतर मीच जाते."

एवढा घाट तिला एका दमात झेपणार नव्हता, म्हणून वाटेत एक मुक्काम करावा लागणार होता. चालत्या गाडीत भाड्याच्या ऑक्सिजन सिलिंडरवर भागवायचं, मुक्कामाच्या जागी भिंतीवरच्या प्लगातून गाडीत वीज घ्यायची, त्यावर रात्रभर मशीन चालवायचं, असा बेत. त्यासाठी गाडीच्या अंगात सॉकेट बसवायचं काम चाललं होतं.

"ही हिरवी वायर अर्थिंगची," सारथी म्हणाला. "ही कुठे जोडू?"

"कुठेच नाही! टायर कशाचे आहेत? रबराचे. रबरातून करंट जातो का, दाजी?"

एक स्क्रू वाचत होता, म्हणून सारथ्याला हे एकदम पटलं. त्याने हिरव्या वायरची गुंडाळी करून डबीत कोंबली आणि वर झाकण पिळून बसवलं. पिळताना एका स्क्रूने शेजारच्या वायरची कातडी सोलली, ते दोघांनाही दिसलं नाही. मग मेहुणा चिकटपट्टी आणायला दुकानात गेला.

गाडी मागच्या बाजूने घराच्या दाराला लावलेली होती. सारथ्याला गाडी दुसऱ्या कुठल्या पद्धतीने उभी करताच यायची नाही. त्याने मशीन आत ठेवलं, बायकोला हाताला धरून पलंगावर निजवलं, गार वारा होता म्हणून पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"कसं वाटतंय?"

"फळी टोचतेय. या गाडीत आडवं होऊन तक्रार करणारी मी पहिलीच असेन, नाही का हो?"

सारथी हसला आणि बाहेर आला. आणि मग त्याच्या हातांनी ते केलं, जे हात उभ्या हयातीत करत आले होते. मागचं दार लोटलं, बाहेरून कडी घातली, टोपी काढून छातीशी धरली आणि क्षणभर मान खाली घातली. डोक्याला याचा पत्ताच नव्हता. डोकं वायरच्या विचारात होतं. त्या दाराला आतून कडी नव्हती, खिट्टी नव्हती, काही नव्हतं. आतल्या माणसाला दार उघडायची गरज तोवर कधी पडलीच नव्हती. टोपी डोक्यावर घालून तो घरात गेला, बटण दाबून मशीन सुरू केलं आणि बोर्ड तापतोय का ते बघत तिथेच थांबला.

सारथी दार लोटत होता नेमका तेव्हाच मेहुणा चिकटपट्टी घेऊन कोपऱ्यावर वळला होता. त्याला काय दिसलं? पांढऱ्या चादरीखाली बहीण. दाराला कडी. आणि टोपी काढून उभे असलेले दाजी. असं उभं राहिलेलं त्यांना त्याने अनेकांच्या दारात पाहिलं होतं.

आता माणूस आधी जवळ जाऊन बघेल की नाही? पण मेहुण्याने आधी फोन काढला.

"अक्का, आपली धाकटी वारली गं! फुप्फुसं खराब झाली होती, तुला सांगू दिलं नाही तिने! दाजींनी गाडीतसुद्धा ठेवलं तिला!"

पलीकडून फोन कट झाला.

मेहुण्याच्या रडण्याने दारं उघडली. बायका पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. "बिचारी सुटली," कोणी म्हणालं. "घरचीच गाडी, तेवढाच भाड्याचा त्रास वाचला," दुसरं म्हणालं. मेहुणा धावत सुटला, वाटेत त्याची चप्पल सुटली, आणि गाडी धुतल्यामुळे झालेल्या चिखलात अनवाणी उभं राहून त्याने "ताई!" म्हणत पिवळ्या पत्र्यावर कपाळ टेकलं.

टायर रबराचे होते. पण मेहुणा रबराचा नव्हता.

त्याने जी किंकाळी फोडली तिने गल्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. "भावाची माया बघा!" बायका म्हणाल्या. माया त्याला दोनदा थरथरवून मागे फेकून गेली. फोन उडून गटारात पडला. पाय वायरीत अडकला, वायर खेचली गेली, आणि घरातला अख्खा बोर्ड भिंतीतून उपटून सारथ्याच्या नाकासमोर धाडकन फुटला. पाठोपाठ मीटरच्या पेटीतून धूर निघाला. सारथी पोतं घेऊन तिकडे धावला.

गाडीत मशीन बंद पडलं.

बायकोने आधी हाक मारली. हाक कसली, धाप लागलेल्या घशातून निघालेली फुंकर ती. मग तिने दार ढकललं. दार हलेना. मग तिने पाण्याची स्टीलची बाटली घेतली आणि पत्र्यावर मारायला सुरुवात केली.

टक. टक. टक.

गल्ली गप्प झाली.

"आतून वाजतंय," कोणीतरी म्हणालं.

आणि जी गल्ली इतका वेळ 'परत ये गं बाई' म्हणून रडत होती, ती बाई परत येते आहे म्हटल्यावर वाट फुटेल तिकडे पळाली. कडी काढायला एक माणूस थांबला नाही. चिखलात पडलेला मेहुणा पळू शकत नव्हता, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

सारथी पोत्याने आग दाबत होता. त्याला आवाज ऐकू आला आणि त्याने पोतं तिथेच टाकलं. उभी हयात तो गाडी चालवताना एक कान मागे ठेवून असायचा. कोणाची आई सांगायची, हळू न्या हो, धक्के बसतील. त्याला वाटायचं, एकदा, एकदाच मागून टकटक यावी, आणि आपण गाडी वळवून त्या आईच्या दारात परत न्यावी. कधीच आली नव्हती. आता आली होती, आणि कडी त्यानेच घातली होती. तो असा धावला की उंबऱ्याला ठेचकाळून अंगठ्याचं नख गेलं, तेही त्याला कळलं नाही.

दार उघडलं तेव्हा बायकोचे ओठ जांभळे झाले होते आणि बाटली हातातून गळून पडली होती. घरात अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, तो त्याने आणून लावला. ती पुन्हा नीट श्वास घ्यायला लागेपर्यंत तो तिचा हात धरून मोठ्याने रडत होता, लहान पोरासारखा.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कडी का घातलीत?"

"सवय."

"मेल्यावर घालायची असते ती."

वायरमन आला. त्याने सॉकेटची डबी उघडून आत बघितलं आणि विचारलं, "हे कोणी जोडलं?" दाजींनी मेहुण्याकडे बोट केलं, मेहुण्याने दाजींकडे. घराचं मीटर जळालं होतं, ते दुसऱ्या दिवसाशिवाय बदलून मिळणार नव्हतं. सिलिंडर तर संपत आला होता. शेवटी वायरमनने हिरवी वायर गाडीच्या पत्र्याला घट्ट आवळली, धोका होताच बंद पडणारा स्विच बसवला, आणि समोरच्या घरातून गाडीत वीज घेतली. मशीन घरघरायला लागलं. असा पहिला मुक्काम स्वतःच्याच दारात पडला.

मेहुणा तोवर नुसता "अक्का, अक्का" करत होता. शॉक डोक्यात गेला असं समजून कोणी लक्ष दिलं नाही. जीभ सैल झाल्यावर त्याने काय करून ठेवलंय ते सांगितलं, तेव्हा सारथ्याने कपाळावर हात मारला. त्याने फोन लावला, अक्काने त्याचा फोन उचलला नाही. समोरच्यांच्या फोनवरून लावला, तर तो लागेचना. अक्का घाटात होती.

दिवेलागणीला एक टॅक्सी गल्लीत शिरली. अक्का उतरली. केस सुटलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "अहो अक्का, ऐका तरी," म्हणत सारथी पुढे झाला. तिने त्याला हाताने बाजूला सारलं आणि गाडीच्या मागच्या दाराशी बसकण मारली. दार नुसतं लोटलेलं होतं. सारथी ते उघडायला गेला, तर खिडकीच्या पडद्याआडून बायकोचा हात वर आला. थांबा.

"धाकटे, चुकलं गं माझं!" अक्काने टाहो फोडला. "एका भिकार स्थळासाठी मी पाठच्या बहिणीला तोडलं! पोरीचं पुढे चांगलं झालं, तेही तुला कळवलं नाही! रोज वाटायचं फोन करावा, आणि रोज वाटायचं तिनेच का करू नये! चुकलं गं, माझंच सगळं चुकलं!"

"सगळं म्हणजे काय काय?" आतून आवाज आला. "नीट सांग."

"मध्ये बोलू नकोस!" अक्का खेकसली. "मी रडतेय ना? लहानपणापासून ही खोड तुझी, मेलीस तरी..."

आणि ती थांबली. तिने दाराकडे बघितलं, मग सारथ्याकडे, मग मेहुण्याकडे. मेहुणा वायरमनच्या मागे जाऊन उभा राहिला.

अक्काने दार उघडलं आणि आत चढली. आधी एक चापट मारली, मग त्या चापटीने सरकलेली नळी नाकाशी नीट बसवली, मग बहिणीच्या पोटावर डोकं ठेवून पुन्हा रडली. या खेपेला शब्द नव्हते. बायको हसत होती, हसता हसता खोकत होती, आणि खोकला थांबायचं नाव घेईना. अक्का तिची पाठ चोळत राहिली. हाडं हाताला लागत होती.

"डॉक्टर काय म्हणतात?" तिने विचारलं.

"फोनवर जे ऐकलंस तेच. फक्त थोडं पुढे."

अक्का बराच वेळ चादरीची सुरकुती काढत बसली.

"म्हणजे मला पुन्हा यावं लागणार," ती शेवटी म्हणाली. "एवढा घाट ओलांडून."

"मग जातेस कशाला? राहा की."

अक्काने दोन्ही चपला काढून बाहेर टाकल्या.

"सरक तिकडे," ती म्हणाली.