सतरा नंबर, तेवीस नंबर

"या खेपेले फोन चुकला, तर मी नाव बदलीन!" मालेगावचे कापडवाले केशरीचंद सेठ टेलिफोन ऑफिसात उभे राहून म्हणाले.

त्यांच्या मुलीचं, कंचनचं, एक स्थळ फोनपायीच गेलं होतं. 'दुकानच्या सतरा नंबरचा फोन घरच्या तेवीसला जोडा,' ही सूचना फळ्यावर खडूने लिहिली होती. पाळी बदलली, नव्या ऑपरेटरने फळा पुसला, आणि मुलाकडच्यांचा फोन बंद दुकानात वाजत राहिला. आता नव्या स्थळाकडून मुलाचे वडील, अकोल्याचे कस्तुरचंदजी, रविवारी होकार-नकार कळवणार होते. म्हणून सेठ ऑइलपेंटचा डबाच घेऊन आले.

"पुसलं नाई गेलं पायजे, मारोतराव!"

"दगडानं घासलं तरी निघत नाई, सेठ!" ऑपरेटर मारोतरावांनी सूचना रंगवली.

इकडे सेठांच्या बायकोची, हीराबाईंची, वेगळीच पंचाईत! साधा फोन वाजला तरी त्या डोक्यावर पदर घेत. सेठ घरी नसताना फोन आला, तर व्याह्यांशी बोलणार कशा? त्यांनी सेठांच्या नकळत मारोतरावांना निरोप धाडला, "तेवीसले कोन्या पुरुषाचा फोन आला, तर सतराले द्या." रंग उरलाच होता. मारोतरावांनी तेही रंगवलं.

रविवारी सेठ सकाळपासून घरच्या फोनसमोर मांडी घालून बसले. फोन ढिम्म! चार वाजता धीर सुटला आणि ते टेलिफोन ऑफिसात धावले. मारोतराव घामाघूम होऊन वायर काढत होते, खुपसत होते.

"सतराचा तेवीसले... तेवीसचा सतराले..."

"काय करून राह्यले? मले द्या नं फोन!"

"कोन्ती सूचना मोडू, सेठ, तुमची का बाईंची? दोन्ही पक्क्या हायेत!"

तेवढ्यात अकोल्याचा ऑपरेटर म्हणाला, "तीन मिनिटं झाली." ट्रंक कॉलची मुदत संपल्याची ही तिसरी सूचना! लाइन तुटली.

"अन् कस्तुरचंदजी?"

"आयकून राह्यले होते बिचारे. नऊ मिनिटं."

सेठ तिथल्याच बाकावर बसले. पोरीचं दुसरं स्थळही हातचं गेलं, या विचाराने त्यांना खरोखर रडू आलं.

दुसऱ्या दिवशी कस्तुरचंदजी स्वतःच एसटीतून उतरले. "बाई तुमच्यावर सोडतात, तुमी बाईंवर," ते म्हणाले. "अशा घरात भांडन होत नाई. पोरगी पसंत!"

सेठांनी त्यांना गादीवर बसवलं.

"मंग साखरपुडा कधी करता?"

"हिले इचारा," सेठ लाजून म्हणाले.

"यायलेच इचारा," दाराआडून हीराबाई म्हणाल्या.

कस्तुरचंदजींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सेठांकडे, मग घड्याळाकडे.

"तीन मिनिटं झाली," ते म्हणाले.